विष फुलापर्यंत पोहोचतं का?

कढीपत्त्यावर मावा पडला किंवा जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसायला लागला, की माणूस जवळच्या नर्सरीत जातो. तिथे दोन बाटल्या पुढे येतात. एक 'केमिकल', दुसरी 'ऑरगॅनिक'. मधमाश्या-फुलपाखरांची थोडीफार काळजी असलेला माणूस दुसरी उचलतो, चार पैसे जास्त देतो आणि निर्धास्त होतो. परसबागेतल्या किडी आणि परागीभवन करणारे कीटक या विषयावर जगभर जे काम झालं आहे ते पाहिलं, तर ही निवड मुळात चुकीच्या जागी होते असं माझं मत झालं आहे. बाटलीतलं द्रव्य झाडातून आलं की कारखान्यातून, याने मधमाशीला फारसा फरक पडत नाही. ते फुलापर्यंत पोहोचतं का, किती दिवस टिकतं आणि तेव्हा फुलावर कोण बसलेलं असतं, याने पडतो.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात विल्सनव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या एका दुकानाच्या वाहनतळावर लिंडनची पंचावन्न झाडं होती. झाडांवर मावा पडला. मावा झाडाचा रस पितो आणि चिकट गोड पाणी बाहेर टाकतो. ते खाली उभ्या गाड्यांवर ठिबकत होतं. जून २०१३ मध्ये झाडांवर डायनोटेफ्युरान हे कीटकनाशक फवारलं गेलं. झाडं तेव्हा ऐन फुलोऱ्यात होती. पुढच्या काही दिवसांत पन्नास हजारांहून जास्त बम्बलबी डांबरी जमिनीवर मरून पडल्या आणि उरलेल्यांना दूर ठेवण्यासाठी अख्ख्या झाडांना जाळ्या गुंडाळाव्या लागल्या. औषध परवानाधारक होतं, कीड खरी होती. फुलोऱ्यात फवारू नये असं वेष्टनावर लिहिलेलंही होतं. आणि कारण काय, तर गाड्यांच्या काचा चिकट होतात. ओरेगनने पुढे लिंडनच्या झाडांवर डायनोटेफ्युरानच्या गटातल्या औषधांचा वापर बंद केला. या विषयावरच्या वाचनात मला सगळ्यात शिकवणारी घटना हीच वाटते, कारण तिच्यात शेती नाही, उत्पन्न नाही, कुणाची भूक नाही. आपल्या सोसायटीच्या आवारात घडावं असंच सगळं आहे.

डायनोटेफ्युरान निओनिकोटिनॉइड गटातलं. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथिॲनिडिन ही त्याची भावंडं. ही अंतरप्रवाही कीटकनाशकं आहेत. कुंडीत आळवणी केली की मुळं ती शोषून घेतात, रसाबरोबर ती पानापानांत चढतात आणि रस शोषणारा मावा किंवा पांढरी माशी मरते. फवारा उडत नाही, वास येत नाही, हाताला लागत नाही. म्हणून गच्चीवर बाग करणाऱ्यांना आळवणी सुरक्षित वाटते. पण झाडाचा रस पानाशी थांबत नाही. तोच परागात आणि मकरंदात उतरतो. फवारणीचा थर उन्हापावसाने निदान कमी तरी होतो. आळवणीनंतर झाड आतूनच विषारी राहतं, आणि इमिडाक्लोप्रिड मातीत कित्येक महिने टिकू शकतं. लहान मात्रेने मधमाशी जागच्या जागी मरत नाही. तिची वाट चुकते, शिकलेलं ती विसरते, पोळ्याकडे परतणाऱ्यांची संख्या घटते. आपल्या कुंडीजवळ मेलेली माशी दिसत नाही, म्हणून आपल्यालाही काही झालं असं वाटत नाही. युरोपीय संघाने २०१३ मध्ये इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथिॲनिडिन यांच्यावर निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये उघड्यावरचा त्यांचा वापर पूर्ण बंद केला. कायमस्वरूपी हरितगृहांपुरती मुभा राहिली. फ्रान्स आणखी पुढे गेला. १ जानेवारी २०१९ पासून तिथे घरच्या बागेसाठी रासायनिक कीटकनाशकं विकतही मिळत नाहीत. शेतकऱ्याची अडचण वेगळी आणि हौशी माळ्याची वेगळी, एवढा साधा भेद त्या कायद्याने केला.

आपल्याकडे हौशी माळ्याच्या हातात अजूनही 'रोगर' असतं. म्हणजे डायमेथोएट. तेही अंतरप्रवाही, आणि मधमाश्यांसाठी अतिशय जहाल. दुकानदार ते सुट्या बाटलीत ओतून 'झाकणभर टाका' म्हणून देतो. वेष्टन नाही, सूचनापत्रक नाही. वेष्टन असतं तरी एक घोटाळा उरतोच. आपल्या कीटकनाशकांच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो : लाल, पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे सौम्य, असं सगळे समजतात. तो सौम्यपणा माणसासाठी आणि इतर सस्तन प्राण्यांसाठी मोजलेला असतो. त्या त्रिकोणावरून मधमाशीचं काय होईल हे कळत नाही. ते आतल्या बारीक अक्षरांतल्या पत्रकात शोधावं लागतं.

आता दुसऱ्या बाटलीकडे. 'नैसर्गिक' उपायांतला एक लोकप्रिय म्हणजे तंबाखूचा काढा. तंबाखूतलं निकोटीन कीटकाच्या चेतासंस्थेत ज्या ठिकाणी जाऊन बसतं, निओनिकोटिनॉइड नेमकी तिथेच बसतात. घरी उकळलेल्या काढ्यात निकोटीन किती उतरलं हे कुणीच सांगू शकत नाही, आणि ते माणसाच्या कातडीतूनही आत जातं. शेवंतीच्या जातकुळीतल्या फुलांपासून काढलेलं पायरेथ्रम सेंद्रिय शेतीत चालतं, पण अंगावर पडलं तर मधमाशी मरते. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की उन्हात ते लवकर निकामी होतं. मातीतल्या जिवाणूंपासून मिळणारं स्पिनोसॅडही ओलं असताना मधमाश्यांना घातक आहे. दशपर्णी अर्काबद्दल बोलणं अवघड, कारण प्रत्येकाची दहा पानं निराळी. त्यात कण्हेर, रुई, धोतरा असे जहाल जिन्नसही असतात. फुलांवर मारायची वस्तू ती नव्हे, एवढं नक्की.

कडुनिंबाचा दावा बराचसा खरा आहे. त्यातलं अझाडिरॅक्टिन पोटात गेल्यावर काम करतं, कीटकाची भूक मारतं आणि कात टाकणं बिघडवतं. पान न खाणाऱ्या मधमाशीला त्याचा धोका कमी. पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळी भरडून रात्रभर भिजवून गाळलेलं पाणी, हा कृषी खात्याचा जुना सल्ला घरासाठी आजही उत्तम. पण तेलाचा फवारा थेट माशीवर बसला तर तिचं अंग माखतं आणि ती गुदमरते. साबणाच्या पाण्याचंही तसंच : ज्याला भिजवेल त्याला मारतं, वाळलं की संपलं. हा मोठा गुण आहे. माव्यावर नेम धरून साबणाचं पाणी मारा, तासाभराने झाड साध्या पाण्याने धुवा. मागे काही उरत नाही. कपड्यांची पावडर मात्र नको, पानं करपतात.

मधमाश्यांना न दुखवणारं म्हणून ज्याची शिफारस सगळ्यात जास्त होते, ते म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, शेतकऱ्यांच्या भाषेत 'बीटी'ची पावडर. मधमाशीपुरतं ते खरंही आहे. पण हा जिवाणू १९०१ मध्ये जपानमध्ये सापडला तो मेलेल्या रेशीमअळ्यांत. तो पतंग आणि फुलपाखरांच्या अळ्या मारतो, आणि कोबीवरची कोणती व नीलवंत फुलपाखराची कोणती हे त्याला कळत नाही.

इथे या विषयातली खरी गाठ लागते. आपण कीटकांचे दोन ढीग करतो, इकडे किडी आणि तिकडे परागीभवन करणारे. कीटक ही वाटणी पाळत नाहीत. लिंबाची आणि कढीपत्त्याची पानं फस्त करणारी अळी, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर हिरवीगार, ही लिंबाच्या फुलपाखराची. नीलवंत हे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. त्याच्याही अळ्या लिंबूवर्गातल्या झाडांवर वाढतात. तगर आणि कण्हेर रातोरात बोडकी करणारी जाडजूड हिरवी अळी पुढे एक देखणा पतंग होते आणि अंधारात फुलांवर फिरते. अंगणात फुलपाखरं हवीत आणि पानं मात्र शाबूत हवीत, ही मागणी एकत्र पुरी होत नाही. लिंबाचं मोठं झाड आठ-दहा अळ्या सहज सोसतं. कुंडीतलं वीतभर रोप सोसत नाही. तिथल्या अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात.

गुलाबाच्या पानाच्या कडेला कंपासने आखल्यासारखे गोल तुकडे कापलेले दिसले, की नर्सरीवाला फवारणी सांगतो. ते काम अळीचं नसतं. पानकापी मधमाशी ते तुकडे नेऊन बांबूच्या पोकळीत किंवा भिंतीच्या भोकात पिल्लांसाठी खोल्या बांधते. तिने पान खाल्लेलं नसतं, त्यामुळे पानावर मारलेलं पोटविष तिच्यापुरतं वाया जातं, आणि स्पर्शजन्य विष मारलं तर मरते ती परागीभवन करणारीच. पांढऱ्या कापसासारख्या पिठ्या ढेकणांच्या घोळक्यात कधीकधी एक मोठा, लांब पांढरे दोरे फुटलेला, भराभर चालणारा जीव दिसतो. लोक त्याला पिठ्या ढेकणांचा म्होरक्या समजून आधी चिरडतात. ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी असते, आणि ती पिठ्या ढेकूणच खात असते. सिरफिड माशी तर दोन्ही कामं करते : मोठेपणी फुलाफुलांवर परागीभवन, अळी असताना माव्याचा फडशा. माव्यावर मारलेल्या विषाने माव्याचा शत्रू आणि फुलाचा मित्र एकाच फवाऱ्यात जातात. मावा मागाहून परत येतो, कारण तो नराशिवाय, थेट पिल्लं घालून वाढतो. सिरफिडला एवढी घाई जमत नाही.

म्हणून थांबणं हा उपाय मी यादीत पहिला ठेवेन, आणि त्याला पुरावा आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोईमतूरला प्रथम दिसला. पाहता पाहता तो पपई, तुती, जास्वंद असं जे मिळेल त्यावर पसरला आणि महाराष्ट्रातही आला. मेणचट पांढऱ्या आवरणामुळे फवारे त्याला लागेनात. लोक मात्रा वाढवत गेले. २०१० मध्ये बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेने पोर्टो रिकोहून बारीक परोपजीवी गांधीलमाश्या आणून वाढवल्या आणि सोडल्या. त्यातली ॲसेरोफॅगस पपये ही सुईच्या टोकाएवढी माशी पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडं घालते. काही महिन्यांत कीड आटोक्यात आली. जिथे फवारणी चालू राहिली तिथे या माशीलाच जगता आलं नसतं, हे उघड आहे. कोकणातल्या नारळावर गेल्या काही वर्षांत आलेल्या चक्राकार पांढऱ्या माशीचीही कथा जवळपास अशीच. २०१६ मध्ये ती तमिळनाडू-केरळ भागात आढळली, पुढे गोवा-सिंधुदुर्गापर्यंत आली. झावळ्या काळ्या पडलेल्या पाहून माणूस हबकतो. तज्ज्ञांचा सल्ला मात्र रासायनिक फवारणी टाळण्याचा आहे, कारण एन्कार्सिया नावाचा तिचा परोपजीवी आपोआप वाढतो. पानांवरची काळी बुरशी घालवायला एक टक्का स्टार्चचं द्रावण फवारतात. ते वाळून पापुद्र्यासारखं सुटतं आणि काजळी घेऊन पडतं.

थांबताना एकच काम करायचं : मुंग्यांचा रस्ता तोडायचा. मावा आणि पिठ्या ढेकूण जे गोड पाणी टाकतात त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकावतात, पिल्लांना नव्या शेंड्यावर नेऊन सोडतात. बुंध्याला चिकट पट्टा बांधला किंवा कुंडीचे पाय पाण्यात ठेवले, की राखण संपते आणि मित्रकीटक आपलं काम करतात. (त्या पाण्यात डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून दर आठवड्याला ते बदलावं लागतं, बागेत कुठलाच उपाय फुकट मिळत नाही.) साखर आणि बोरिक ॲसिडचं आमिष ठेवायचं तर बारीक भोकाच्या झाकणबंद डबीत. उघड्या वाटीतली साखर मधमाश्याही शोधतात.

सापळ्यांबद्दल थोडं सावध राहायला हवं. फळमाशीसाठीचा गंधसापळा अगदी नेमका आहे; दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा आंब्याच्या बागांतून परिचित आहे. मिथाइल युजेनॉलला भुलून त्यात फळमाशीचे नर येतात. वेलवर्गीय भाज्यांसाठी वेगळा गंध लागतो, क्यू ल्यूर. दुकानातून चुकीची गोळी आणली की 'सापळा चालत नाही' अशी तक्रार होते. याउलट पिवळे-निळे चिकट कागद रंगाने बोलावतात, आणि रंग मधमाश्यांनाही दिसतो. निळा तर त्यांना फारच आवडतो. बंद पॉलिहाऊसमध्ये ठीक. फुललेल्या गच्चीवर ते टांगू नयेत. वांग्याच्या शेंडे आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी माना टाकलेले शेंडे आठवड्याला खुडून पिशवीत बांधून टाकणं पुरतं. घरच्या पाच-सहा झाडांवर ते फवारणीपेक्षा जास्त काम करतं. वांग्यावर फवारणी टाळायला आणखी एक कारण आहे. त्याच्या फुलाचे पराग नळीसारख्या परागकोशात बंद असतात. निळ्या पट्ट्यांची मधमाशी किंवा काळा भुंगा फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतात तेव्हा ते झडतात. पेटीत पाळतात त्या सातेरी मधमाशीला हे जमत नाही. म्हणजे घरच्या वांग्याला जे कीटक हवे आहेत ते पेटीत मिळणारे नाहीत, जुन्या लाकडात आणि उघड्या मातीत राहणारे आहेत. गोगलगायींसाठी रात्री ओलं गोणपाट टाकून सकाळी वेचणं हाच उपाय. विषारी गोळ्या फुलांना नाही तरी कुत्र्यांना बाधतात.

फवारायचंच असेल तर संध्याकाळी फवारा, असं सगळीकडे सांगतात. नियम चांगला, पण पाठ करण्याजोगा नाही. काकडी, भोपळा, कारलं, घोसाळं यांची फुलं पहाटे-सकाळी उमलतात. त्यांना संध्याकाळची फवारणी चालते. दुधी, दोडका आणि पडवळ यांची फुलं दिवस मावळताना किंवा रात्री उमलतात आणि त्यांच्याकडे पतंग येतात. दोडक्यावर संध्याकाळी सहाला फवारणं म्हणजे ऐन वेळेला फवारणं. भुंग्यांचं तर आणखीच नवल. शास्त्रज्ञ हेमा सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भीमाशंकरच्या जंगलात अभ्यासलेला एक भुंगा अमावस्येच्या रात्रीही चांदण्यांच्या उजेडात उडतो आणि तेवढ्या उजेडात रंगही ओळखतो. २००८ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. तेव्हा घड्याळापेक्षा आपलं फूल पाहावं. त्याहून सोपं म्हणजे फवारणीआधी त्या झाडाची उमललेली फुलं खुडून देवाला वाहावीत.

वेलभाज्यांची एक तक्रार इथे नोंदवायला हवी. 'भोपळ्याला मादी फुलं येतात, पण बारकं फळ पिवळं पडून गळतं.' बहुतेक जण याला रोग किंवा फळमाशी समजून फवारतात. फळमाशीही कारण असते. तेव्हा फळावर डंखाची खूण आणि आत अळ्या दिसतात. फळ चिरून आत काहीच सापडलं नाही, तर बहुधा परागीभवनच झालेलं नसतं. अशा वेळी फवारणी म्हणजे ज्यांची वाट पाहायची त्यांनाच हाकलणं. सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर टेकवा आणि आठवडाभर पाहा. निदान तिथेच होतं.

एवढं सगळं आपल्या हातातलं. पण शहरात आपल्या कुंडीपेक्षा मोठी मात्रा दुसरीकडून येते, सोसायटीच्या कंत्राटातून. पावसाळ्यात डेंग्यूची बातमी आली की धुराचं यंत्र येतं. तो धूर उडते डास मारतो, पाण्यातल्या अळ्यांना काही करत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि बराच वेळ घरात, कपाटामागे बसतो. म्हणूनच साथ असताना तातडीचा उपाय म्हणून धूर, एरवी साचलेलं पाणी काढणं, असा आरोग्य यंत्रणांचा क्रम आहे. न काढता येणाऱ्या पाण्यात बीटीचाच 'इस्रायलेन्सिस' हा प्रकार टाकला, तर तो डासांच्या अळ्या मारतो आणि मधमाश्यांना काही करत नाही. वेळ चुकली तर काय होतं हे अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलायनात २०१६ मध्ये दिसलं. झिकाच्या भीतीने ऑगस्टमधल्या एका सकाळी विमानातून नालेड हे कीटकनाशक फवारलं गेलं आणि एकट्या एका मधपाळाच्या सेहेचाळीस पेट्या, सुमारे पंचवीस लाख मधमाश्या, मेल्या.

वाळवीच्या कंत्राटात इमारतीभोवतीची माती विषाने भिजवतात. मधमाश्यांच्या बहुसंख्य जाती जमिनीत घरटी करतात, हे कंत्राटदाराला ठाऊक असण्याचं कारण नाही. वाळवीला लाकूड खाताना पाहिल्याशिवाय दरवर्षी सवयीने आळवणी कशाला? आणि सज्जाखाली आग्या मोहोळ लागलं की विष किंवा टेंभा. आग्या मधमाश्या ऋतूनुसार स्थलांतर करतात. वस्ती नसलेल्या बाजूला, उंचावर लागलेलं पोळं काही महिन्यांत आपोआप रिकामं होतं. जिन्यात किंवा लहान मुलांच्या वाटेवर असेल तर ते हलवणारे जाणकार बोलवावेत. डंखाची ॲलर्जी असलेला माणूस इमारतीत असेल, तर हा निर्णय नुसता निसर्गप्रेमावर सोडता येत नाही, हेही तितकंच खरं.

सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा वाद संपल्यावर कुणी जागं असेल, तर कीडनियंत्रणाच्या कंत्राटात तीन ओळी घालून घ्याव्यात : वापरायच्या द्रव्याचं नाव आधी लेखी द्यायचं, फुललेल्या झाडांवर आणि कुंपणाच्या वेलींवर काही मारायचं नाही, आणि धूर करायचा तर आदल्या दिवशी सूचनाफलकावर वेळ लावायची. नर्सरीतही रोप घेताना एक प्रश्न विचारावा, याला शेवटची आळवणी कशाची आणि कधी केली. उत्तर बहुधा मिळणार नाही. मग तो फुलांनी लगडलेला गुलाब घरी आणल्यावर त्याची पहिल्या बहराची फुलं सरळ कापून फुलदाणीत ठेवावीत.